पौर्णिमेचा जपानी बेडूक

लग्नाला सहाशे माणसं येतात, मयताला तीनशे येतात, कुणाच्या बोअरला पाणी लागलं तरी पन्नासेक जण बघायला उभे राहतात. पण हिंगोलीत सकाळी नऊच्या खेळाला साठ माणसं जमवायची म्हटलं, की ज्याला त्याला एकाएकी कामं निघतात. प्रेमानंदराव इंगोले चार दिवस वही काखेत मारून हिंडले आणि वहीत नावं जमली अकरा. त्यातली पाच घरचीच. सहावं नाव त्यांच्या ऑफिसातल्या उत्तमसिंग हेडक्लार्कचं, आणि तेही अट घालून. "लेकरायचं कार्टून हाय म्हणता, तर येतो इंगोले, पण हापिसात कुणाला बोलू नका."

ही साठाची अट घातली होती मुन्नानं. मुन्ना म्हणजे बसस्टँडमागच्या थेटराचा मॅनेजर. "देखो साहब," त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "जपानी पिक्चर नांदेड तक आती है. हिंगोली में मैं किस के वास्ते मँगाऊँ? साठ आदमी का नाम लाव, मोबाईल नंबर के साथ. फिर मैं ऊपर बात करता." एरवी प्रेमानंदराव अशा माणसाला वळण लावतात. ते पशुसंवर्धन खात्यात आवक-जावक सांभाळतात; अर्जाला टाचणी तिरपी लागली तरी परत पाठवतात. पण इथे अर्जदार तेच होते, त्यामुळे मान हलवून वही विकत घेण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

पिक्चर साधा नव्हता. टीव्हीवर रोज संध्याकाळी सहाला 'सायो की छतरी' नावाची जपानी कार्टून मालिका लागायची, हिंदीत. सायो नावाची एक मुलगी गावोगाव फिरून लोकांच्या मोडक्या छत्र्या नीट करते आणि प्रत्येक गावात आपल्या हरवलेल्या भावाची चौकशी करते. तिच्या छत्रीच्या टोकावर मोको नावाचा एक बोलणारा बेडूक बसलेला असतो, जातीचा फटकळ. तीन वर्षं मालिका चालली, दीडशे छत्र्या नीट झाल्या, भाऊ काही सापडला नाही. आणि मग त्या लोकांनी जाहीर केलं की भावाचं काय झालं ते आता थेटरातल्या पिक्चरमध्ये कळेल. प्रेमानंदरावांच्या आई, मालनबाई, रोज तूरडाळ निवडत निवडत मालिका ऐकायच्या. "लेकराला आशेला लावून ठिवलं मेल्यायनं," असं त्यांचं मत पडलं.

मालिकेचे खरे भक्त घरात दोघे. एक प्रेमानंदरावांची अकरा वर्षांची मुलगी पुनम, आणि दुसरे त्यांचे वडील सोनाजी. सोनाजी इसापूरच्या कालव्यावर पाटकरी होते. तीस वर्षं पाटाचं पाणी सोडलं, बंद केलं, आणि त्या सगळ्या काळात माणसांपेक्षा बेडकांच्या सहवासात जास्त राहिले. त्यामुळे मोकोबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असं ते मानत. "काढणारानं बेडूक बघून काढलाय. गळा बराबर हालतो," हे त्यांचं प्रशस्तिपत्रक. टीव्हीवर मोको हिंदीत काही बोलला, की सोनाजी लगेच तेच मराठीत, बसक्या आवाजात, गळा फुगवून म्हणायचे. बाकी सगळ्यांची बोलणी पुनमकडे. आजोबा आणि नात दोघं मिळून रोज अर्धा तास अख्खी मालिका मराठीत करायचे आणि मग जेवायला उठायचे.

आता पुनमचा नंबर वसमतच्या एका निवासी शाळेत लागला होता. आषाढी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी तिला तिथं सोडायचं होतं. पेढे वाटून झाले, पेटी घेऊन झाली, पेटीवर नाव रंगवून झालं. ज्या दिवशी नाव रंगवलं त्या दिवशी सोनाजींनी मुलाला ओसरीत बोलावलं. "प्रेमा, पोरगी जायच्या आंदी तेवढा पिक्चर दाखव बाबा. आमी दोघायनं शेवट संगं बघायचा ठरवलाय." सोनाजींनी मुलाकडे आयुष्यात मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, आणि त्यातल्या दोन तर काठीबद्दलच्या होत्या. प्रेमानंदराव "बघतो" म्हणाले आणि उगाच मोटारसायकल पुसायला गेले.

नांदेडला नेता आलं असतं, पण सोनाजींचं पोट कोणत्याही गाडीत अर्ध्या तासापुढे ऐकत नसे. कळमनुरीच्या पुढे ते खिडकीबाहेरच असायचे. सहा महिन्यांनी पिक्चर मोबाईलवर येईल असं उत्तमसिंगनं सुचवून पाहिलं, पण तोवर पुनम हॉस्टेलात, आणि हॉस्टेलात मोबाईल बंद. म्हणजे बेडकाला हिंगोलीतच आणणं भाग होतं.

अकरा नावांवर वही अडकली तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "तू हापिसात हिंड. बायायचं मी बघते." आणि चप्पल घालून नगरात, म्हणजे आपल्या वस्तीत, निघून गेल्या. संध्याकाळी त्या परत आल्या त्या त्रेचाळीस नावं घेऊन. वर गोरेगावच्या माहेरची पाच फोनवर पक्की केलेली. प्रेमानंदराव थक्क झाले. आईनं काय सांगितलं असेल, हा प्रश्न त्यांना पडला, पण त्यांनी तो विचारला नाही. पुढचं सगळं ह्या न विचारण्यामुळे झालं.

कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी खिल्लारे गुरुजी दारात हजर. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, तीस वर्षं इंग्रजी शिकवलेले, विहार समितीचे अध्यक्ष आणि नगरातल्या यच्चयावत गोष्टींचे सल्लागार. कुणाच्या घराचा जिना कोणत्या बाजूनं काढावा इथपासून कुणाच्या मुलीनं कोणती शाखा घ्यावी इथपर्यंत. त्यांनी प्रेमानंदरावांचे दोन्ही हात धरले.

"जय भीम! प्रेमानंद, फार मोठं काम हाती घेतलंस. आमची मंडळी म्हणाली मला. आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचा पहिला दिवस, अन् जपानचा पिक्चर! जपान म्हणजे आपल्याच धम्माचा देश. असं हिंगोलीत कुणाला सुचलं न्हवतं."

प्रेमानंदरावांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ अंधारीही आली. गुरुजींची समजूत झाली होती की पिक्चर भगवान बुद्धांवर आहे.

"गुरुजी, तसं न्हाई," ते घाईघाईनं म्हणाले. "ह्यात एक मुलगी हाय. छत्र्या नीट करती."

"म्हणजे उपासिका. सेवाभाव."

"अन् एक बेडूक हाय. बोलतो."

गुरुजींचा चेहरा उजळला. "जातककथा! प्राणी बोलतात ना त्यात. मी आधी पंधरा मिनिटं जपान अन् धम्म ह्या विषयावर बोलतो, म्हणजे लोकांना संदर्भ लागंल." आणि त्यांनी तिथल्या तिथे वहीत स्वतःचं नाव लिहिलं, खाली समितीच्या बावीस जणांची लिहिली.

नावं झाली ब्याऐंशी. इथे खरं बोलणाऱ्या माणसानं गुरुजींना थांबवून, खुर्चीत बसवून, सगळं नीट समजावून सांगितलं असतं. प्रेमानंदरावांनी वही मिटली. आपण खोटं कुठं बोललो, फक्त खरं दुसऱ्यांदा सांगितलं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती समजूत दुपारपर्यंतच टिकली.

ब्याऐंशी नावं पाहून मुन्ना हरखण्याऐवजी घाबरला. "इतना पब्लिक एकही पार्टी का? फिर तो परमिशन लगेगी." परवानगी कुठल्या कार्यालयातून आणावी लागली ते सांगत नाही, प्रेमानंदरावांना तिथं पुन्हा काम पडणार आहे. पहिल्या दिवशी अर्ज परत आला, कारण समास सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी परत आला, कारण 'कार्यक्रमाचे स्वरूप' कोरं होतं. स्वतःचीच विद्या अंगावर उलटलेली पाहून प्रेमानंदरावांचे कान तापले. खिडकीतल्या बाबूनं फॉर्म पुढे सरकवला. "धार्मिक, सामाजिक का राजकीय? तीनच खाने हायेत."

"करमणूक लिहा न."

"करमणुकीचा खाना न्हाई. दिवस कोणता?"

"दहा तारीख. पौर्णिमा."

"मंग काहून येळ खाऊन राहिले?" असं म्हणून बाबूनं 'धार्मिक'वर बरोबरची खूण केली आणि शिक्का मारला. आता हा बेडूक सरकारी कागदावरही धार्मिक झाला होता.

बायको करुणा हिला त्यांनी रात्री सगळं सांगून टाकलं. ती पुनमच्या युनिफॉर्मवर नंबर शिवत होती. "अहो, मग सांगून टाका ना गुरुजींना," ती म्हणाली. "सांगितलं तर गुरुजी धरून तेवीस नावं जातील, एकोणसाठ उरतील, अन् मुन्ना म्हणंल पिक्चर कॅन्सल." "आणि नाही सांगितलं तर?" प्रेमानंदराव कूस बदलून पडले आणि झोपल्यासारखं करत राहिले.

पौर्णिमेच्या सकाळी सात वाजता विहार भरला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. सोनाजींनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, पुनमनं पांढरा फ्रॉक. वंदना झाली, पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं प्रेमानंदरावांनी खणखणीत म्हटली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं त्यांना असा ठसका लागला की शेजारच्यानं पाठीवर थाप मारली आणि मागून कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाचवं सुरू झालं तेव्हा ठसका बरोबर थांबला.

तिथून मिरवणूक निघाल्यासारखे सगळे थेटरावर. गोरेगावहून मालनबाईंच्या माहेरची जीप आली होती. कुणी मोठी तसबीर आणली होती, कुणी हार, कुणी मेणबत्त्यांची पुडकी, आणि नगरातल्या बायकांनी खिरीचं एक भलं पातेलं रिक्षात घालून आणलं होतं. मुन्ना दारात दोन्ही हात पसरून उभा. "मोमबत्ती अंदर नहीं! पडदा जल जाएगा साहब!" शेवटी तसबीर पडद्यासमोर स्टुलावर ठेवायची, हार घालायचा, मेणबत्त्या बाहेर व्हरांड्यात लावायच्या, आणि खीर तिकीटखिडकीत, असा तह झाला. मुन्नानं चपला काढल्या आणि तसबिरीला हात जोडले, तेव्हा त्याच्याबद्दलचं सगळ्यांचं मत एकदम सुधारलं.

मग सत्कार. आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होत नाही, तर जपानी पिक्चर कसा होईल? गुरुजींचा झाला, मुन्नाचा झाला, गोरेगावच्या मामांचा झाला, आणि "ज्यांच्या धम्मनिष्ठेमुळे आजचा दिवस दिसला ते" म्हणून प्रेमानंदरावांच्या खांद्यावर शाल पडली. आषाढातल्या दमट हवेत ती शाल त्यांना चारशे किलोची वाटली. सोनाजी आणि पुनम पहिल्या रांगेत बसून पडद्याकडे बघत होते. गुरुजी माइकपाशी गेले, घसा खाकरला, "जपानमध्ये धम्म कसा पोचला," अशी सुरुवात केली, आणि प्रेमानंदरावांना राहवलं नाही. त्यांनी उठून गुरुजींच्या हातातून माइक घेतला. असं धाडस नगरात पूर्वी कुणी केलेलं नव्हतं.

"मला माफ करा," ते म्हणाले. "हा पिक्चर भगवान बुद्धांवर न्हाई. हे कार्टून हाय. एक मुलगी भावाला हुडकती, अन् एक बेडूक हाय, तो साधा बेडूक हाय. माझी पुनम तीन दिवसांनी हॉस्टेलला चालली. तिला अन् आमच्या अण्णाला, तिच्या आज्याला, शेवट संगं बघायचा होता, म्हणून मी गप राहिलो. ज्यायला जायचं त्यायनी जावं. माझी काही तक्रार न्हाई."

मग बायकांच्या बाजूनं मालनबाईंचा आवाज आला. "आरं, मंग आमी कशाला आलो? मी घरोघर हेच तर सांगितलं. लेकरू शाळंला चाललंय, म्हाताऱ्याला तिच्या संगं पिक्चर बघायचाय, चला म्हनलं."

"व्हय की," गोरेगावची एक मावशी म्हणाली. "बेडकाचं तर आमाला पयलंच ठाव हाय."

"मग कुणी बोललात काहून न्हाई?" प्रेमानंदराव जवळजवळ ओरडले.

"गुरुजीच्या तोंडावर कोन सांगंल?" असं कुणीतरी म्हणालं, आणि बायकांची अख्खी बाजू पदर तोंडाला लावून हसली. पांढरी लुगडी पौर्णिमेची होती, खीर पौर्णिमेची होती. पिक्चर पुनमचा होता. घोटाळा सगळा पुरुषांच्या बाजूला झाला होता.

आता सगळ्यांच्या नजरा खिल्लारे गुरुजींवर. गुरुजींच्या हातात भाषणाची चार पानं होती. ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. "बेडूक बोलतो, हे तरी खरं का?" त्यांनी विचारलं. "खरं," प्रेमानंदराव म्हणाले. "मग बसा," गुरुजी म्हणाले, आणि सोनाजींच्या शेजारची खुर्ची धरली. एकही माणूस उठून गेला नाही. उत्तमसिंग मात्र पांढऱ्या गर्दीत आपला निळा शर्ट लपवत मागच्या रांगेत बसला होता.

पिक्चर सुरू झाला आणि शेवटचं संकट उभं राहिलं. सायो पडद्यावर आली, तोंड उघडलं, आणि जपानीत बोलली. खाली इंग्रजी अक्षरं. मुन्ना धावत आला. हिंदीवाली प्रिंट नांदेडला गेली आणि ही इकडं आली, ह्यात माझी काही चूक नाही, असं तो अंधारात ज्याला त्याला सांगत सुटला. प्रेमानंदरावांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात माइकमधून बारीक आवाज आला, "ती म्हणून राहिली, ह्या गावात तरी माझा भाऊ भेटंल का?"

पुनम उभी होती. भाषणांचा माइक पहिल्या रांगेत तिच्याच पुढे राहिला होता. इंग्रजी अक्षरं पळत होती, जिथं वाचून होईना तिथं ती अंदाजानं ठोकून देत होती, पण तीन वर्षांचा अभ्यास पाठीशी होता. मोको पडद्यावर आला, गळा फुगवला, आणि पुनमनं सवयीनं माइक आजोबांपुढे धरला. सोनाजी चार लोकांत कधी बोललेले नव्हते. त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं, गळा फुगवला आणि बसक्या आवाजात म्हणाले, "भाऊ भेटंल तवा भेटंल. आंदी जेवाया काय हाय?"

हॉल हशानं फुटला. त्यानंतर दीड तास कुणाला जपानीची तकलीफ झाली नाही. बायका मधूनच विचारत होत्या, "आगं पुनम, ती म्हातारी कोन?" पुनम सांगायची. सोनाजी तर इतके रंगले की बेडूक गप्प असतानाही बोलायला लागले, आणि गोरेगावचे मामा शिट्टी मारता मारता तसबीर आठवून थांबले.

भाऊ सापडला. डोंगरापलीकडच्या शहरात तो छत्र्यांच्या कारखान्यात होता, आणि सायोला तिकडंच राहायचं होतं. पण बेडकाला शहरात पाणी नव्हतं. भाताच्या खाचराशेजारी, पाटाच्या काठावर, मोको छत्रीवरून खाली उतरला. सायोनं वाकून विचारलं, "तू येणार नाहीस?" तेवढं पुनमनं कसंबसं सांगितलं. मोकोनं वर बघितलं आणि एकच वाक्य बोलला. खाली अक्षरं आली. प्रेमानंदरावांनी ती वाचली: पाऊस येतोय, छत्री उघड. एवढंच.

पुनमनं ते वाचलं नाही. तिनं माइक आजोबांपुढे धरला. सोनाजींना इंग्रजी येत नव्हतं आणि जपानीही येत नव्हतं. त्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते नातीकडे बघून बोलले, आणि ह्या वेळी गळा फुगवायचं विसरले.

"जा माय. भिऊ नको. मी हितंच हाय, पाटावर."

अंधारात बायकांनी पदर डोळ्याला लावले. मागून उत्तमसिंगनं मोठ्यानं नाक शिंकरलं आणि मग खोकल्याचं नाटक केलं. प्रेमानंदरावांनी शालीचा पहिल्यांदाच उपयोग केला.

बाहेर भुरभुर पडत होती. मेणबत्त्या विझल्या होत्या, पण खीर गरम होती. व्हरांड्यात सगळे वाट्या घेऊन उभे राहिले, आणि पुनम आजोबांना टेकून त्यांच्याच वाटीतली खीर खात होती. सोनाजींना आता शंका खात होती. त्यांनी खिल्लारे गुरुजींना हाक मारली.

"गुरुजी, तुमाला इंग्रजी येतं. बेडूक शेवटाला खरं काय म्हनला वो? मला तर काय दिसलं न्हाई. मी आपलं आसंच बोलून दिलं."

पुनमचा चमचा वाटीतच थांबला. नगरात चौथं शील कुणी पाळत असेल तर ते खिल्लारे गुरुजी, आणि ते तीस वर्षं मुलांचे चुकीचे अर्थ लाल शाईनं खोडत आलेले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि सोनाजींकडे नीट बघितलं.

"तुमी म्हणाला तेच," ते म्हणाले. "शब्दाला शब्द. तसंच लिहिलेलं होतं."

"पाटावर आसं बी?"

"पाटावर असं बी."

सोनाजींनी समाधानानं मान हलवली. पुनमनं उरलेली खीर संपवली. पातेल्यातून एक भरलेली पळी काढून प्रेमानंदरावांनी ती गुरुजींच्या वाटीत घातली, आणि गुरुजींनी नको म्हटलं नाही.